डाव्या हाताची जागा

११ जून, मंगळवार

अमरनाथ आला. दोन थोरल्या बॅगा हायत, म्हंजे पाव्हणा म्हणून न्हाई, राहायला आलाय. मी दारातच भाकरतुकडा ओवाळला तर म्हणतो, "अज्जी, मी काय नवरदेव हाय का?" म्हणलं, गप उभा ऱ्हा. ह्यांच्यामागं ह्या घरात फ्रीजचा आवाज तेवढा होता. आता वरच्या खोलीत गाणं वाजतंय, न्हाणीत पाणी सांडतंय, दारात चपला आडव्यातिडव्या पडल्यात. मी सरळ केल्या न्हाईत. बघत बसले.

ही वही सुतळीच्या कंपनीची. आमचं बारदान्याचं दुकान, म्हंजे रिकाम्या पोत्यांचं, मोंढ्यात. डाळमिलवाले, आडतीवाले सगळे ह्यांच्याकडूनच पोती न्यायचे. कंपनी दरसाल डायरी द्यायची आन् हे दरसाल ती कपाटात ठेवायचे. चांगली वस्तू वापरायची न्हाई, हा स्वभाव. नवा टॉवेल असताना फाटक्यानं आंग पुसायचे. मी तिसरी शिकले, ती पण उदगीरकडं. मास्तर निम्मं कानडीत बोलायचे, त्यामुळं माझं लिहिणं असंच. दर सोमवारी मी शेताकडं जाऊन ह्यांना आठवड्याचं सगळं सांगते. निम्मं ऱ्हाऊन जातं आन् घरी आल्यावर आठवतं. म्हणून आता लिहून ठेवणार.

रात्री जेवताना अमरनाथनं तीन धपाटे खाल्ले. शेंगाची चटणी संपवली. म्हणाला, पुण्यात असं मिळत न्हाई. लेक गेला तवा हे पोरगं शाळेत होतं, आई त्याला घेऊन पुण्याला नोकरीला गेली. मंग सुट्टीला यायचं, पुढं पुढं तेबी बंद झालं. आता आलंय. डोळ्यात पाणी आलं तर म्हणलं कांदा चिरला.

१७ जून, सोमवार

आज बकरीद, तरी चांदपाशा रिक्षा घेऊन आला. म्हणलं, आज तरी घरी ऱ्हायचं. म्हणतो, "अम्मा, नमाज झाली, आता सोमवार तुमचा. मालक वर बसून माझा हिशोब ठेवतेत." ह्यांच्या दुकानातून पोती वाहायचा तो, आधी हातगाडीवर, मंग ह्यांनीच त्याला रिक्षा घ्यायला लावली.

शेत नांदेड रोडला हाय. पहिलं गावाच्या लई बाहेर वाटायचं, आता शेताच्या दोन्ही अंगाला कमानी लागल्यात. अमुक नगर, तमुक विहार. मधी आमचं तेवढं काळं रान उरलंय.

तिथं लिंबाखाली माझे सासू-सासरे हायत आन् आता हे. आमच्यात, लिंगायतांत, जाळत न्हाईत. माघात हे लिंगैक्य झाले तवा खड्ड्यात मांडी घालून बसवलं, डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, भस्म लावलं, बेल वाहिला, तोंड उगवतीकडं. जितेपणी सकाळी पूजेला बसायचे तसेच बसलेत. सासूबाई सासऱ्यांच्या डाव्या हाताला हायत. ह्यांच्या डाव्या हाताला माझी जागा. ह्यांनीच पावलानं मापून दाखवली होती. मी म्हणलं होतं, एवढुशी? तर म्हणाले, "आयुष्यभर अर्ध्या बाजेवर झोपलीस की, तिथं काय लोळणार हायस?"

मला ह्या जगात दुसरं काय नको. घर नको, दुकान नको. तेवढी जागा मला पायजे. चांदपाशाला परत एकदा दाखवून ठेवली. तो म्हणाला, "अम्मा, आजूबाजूला सगळे प्लॉट पडले. ह्या रानावर लोकांची नजर हाय." म्हणलं, असू दे, रान चांगलंच हाय, बघू दे.

२२ जून, शनवार

नवल झालं. ह्यांचं मृत्युपत्र निघालं. अमरनाथला दुकानातल्या गादीखाली सापडलं म्हणे. त्यानं मला वाचून दाखवलं. घर, दुकान, शेत, सगळं अमरनाथला. आजीचा सांभाळ त्यानं करावा. सुकन्याला लग्नात दिलंय, तिला आणखी काय देणं न्हाई.

मला तर बरंच वाटलं. नातवावर एवढा भरवसा टाकला होता आन् तोंडानं कधी बोलले न्हाईत. तशी न बोलायची खोड होतीच, पण घरात साधा माठ आणायचा तरी मला विचारायचे. हे कसं विचारलं न्हाई?

साक्षीदार दोन हायत. नावं ऐकली, वळखीची न्हाईत. अमरनाथ म्हणाला, प्लॉटिंगच्या ऑफिसातले, आजोबांचे दोस्त. ह्यांचे दोस्त म्हंजे मठातले म्हातारे, हे कुठले कोण जाणे. आन् संक्रांतीच्या आठवड्यात ऑफिसात जाऊन सही केली असं लिवलंय. मी म्हणलं, बाळा, तवा तर हे अंथरुणातून उठत न्हवते. मी भात भरवायचे. तो म्हणाला, "अज्जी, मी एक दिवसासाठी आलो होतो, गाडीत घालून नेलं. तू दुपारची झोपली होतीस."

दुपारी मला डुलकी लागते हे खरं हाय. पण नातू घरात येऊन गेला आन् मी झोपून ऱ्हायले, ह्याचंच वाईट वाटलं. चहा तरी दिला असता.

९ जुलै, मंगळवार

वकिलाकडं गेलो. ऑफिसात थंडीच थंडी, मी पदर लपेटून बसले. वकीलसाहेब लई गोड माणूस, मला अम्माजी म्हणतेत. त्यांनी समजावून सांगितलं. मृत्युपत्र नुसतं असून चालत न्हाई, ते खरं हाय असा कोर्टाचा शिक्का लागतो. त्याला प्रोबेट म्हणतेत. आपल्याकडं लोक हे करत न्हाईत, पण शेताच्या कामात पुढं कुणी अडवाअडवी करू ने म्हणून केलेलं बरं. मी विचारलं, शेताचं कसलं काम? वकीलसाहेबांनी अमरनाथकडं बघितलं. अमरनाथ म्हणाला, "कुंपणाचं, अज्जी."

कुंपण पायजेच. डुकरं लई झालीत.

पेपरात जाहीर नोटीस येणार, कुणाची हरकत असंल तर सांगा म्हणून. ह्यांचं नाव पेपरात येणार म्हणलं तर मला उगंच हरकून आलं. गुरुपादप्पा, राहणार लातूर. जितेपणी एकदाबी आलं न्हाई.

१५ जुलै, सोमवार

पेपरात नाव आलं आन् सुकन्याचा नांदेडहून फोन आला. हालहवाल न्हाई, जेवलीस का न्हाई, एकदम सुरू. "अव्वा, तू कशावर सही केलीस का? कुणी काय बी समोर ठेवलं तर करू नको. अप्पांनी असलं काय केलेलं न्हाई. तुला कळून राहिलं का, अव्वा?" मी म्हणलं, पोरी, श्वास घे. तर रडायला लागली. लहानपणापासून तिचं असंच, आधी भांडणार, मंग रडणार. बापासारखा राग आन् माझ्यासारखे डोळे.

अमरनाथ मागं उभाच होता. त्यानं फोन घेतला आन् बंद केला. म्हणाला, "आत्याला शेतात वाटा पायजे. तुला नांदेडला नेऊन तिच्याच घरात ठेवणार हाय, मंग तू परत लातूर बघणार न्हाईस." नांदेडला मी कशाला जाऊ? माझं सगळं इथं. पण सुकन्या वाट्यासाठी रडंल असं वाटत न्हाई. तिनं बापाच्या तेराव्या महिन्यापर्यंत गोड खायचं सोडलंय.

संध्याकाळी अमरनाथनं मला नवा फोन आणला. मोठा, काचेचा. त्यात ह्यांचा फोटो घातलाय. हात लावला की हे दिसतेत. जुना बटनाचा फोन तो घेऊन गेला, खराब झाला होता म्हणे. ह्या नव्यातून लावायचं कसं ते मला जमत न्हाई आन् वाजला तर उचलायचं कसं तेबी जमत न्हाई. पण फोटो झकास हाय.

पायात गोळे आलते म्हणून आज शेताकडं गेले न्हाई. अमरनाथ म्हणाला, कारनं नेईन. चांदपाशा दारात येऊन हॉर्न वाजवत होता, अमरनाथनं खिडकीतूनच त्याला जा म्हणून सांगितलं.

२९ जुलै, सोमवार

आजबी गाडीला काम निघालं. आजचा धरून तीन सोमवार गेले. वहीत लई साठलंय, ह्यांना सांगायला दिवस पुरणार न्हाई.

भाजी घ्यायला दारात गेले तर चांदपाशा कोपऱ्यावर रिक्षा लावून बसलेला. जवळ आला, इकडंतिकडं बघून बोलला. "अम्मा, शेतात खुट्या ठोकल्यात. लाल चिंध्या बांधल्यात. मोजणीवाले आलते."

मी म्हणलं, कुंपणाचं काम चाललंय.

"कुंपण कडंनं असतंय अम्मा. खुट्या मधी हायत. लिंबापर्यंत हायत."

मंग माझ्या ध्यानात आलं. अमरनाथ ह्यांच्या समाधीवर मंडप करणार असंल. मला सांगितलं न्हाई, म्हंजे अचानक दाखवणार. आजोबाचाच नातू, पोटातलं ओठावर आणत न्हाई. चांदपाशाला सांगितलं तर तो माझ्याकडं बघतच ऱ्हायला. म्हणाला, "अल्ला करे असंच असो." आन् भाजीची पिशवी पायरीपर्यंत आणून दिली.

अमरनाथनं वरून बघितलं. जेवताना म्हणाला, चांदपाशाची नियत बरी न्हाई, त्याच्याशी बोलू नको. मी म्हणलं, त्यानं ह्यांना खांदा दिला. म्हणाला, "म्हणूनच."

म्हणूनच म्हंजे काय, ते मला कळलं न्हाई.

१२ आगस्ट, सोमवार

श्रावणी सोमवार. आज शेवटी शेताकडं गेलो, आन् कारमधी. मी बेल, भस्म, दही-भाताचा डबा घेतला. वाटेत अमरनाथनं आणखी एक माणूस बसवला. पांढरे कपडे, पांढरे बूट, बोटात जाड अंगठ्या, आंगाला अत्तर. मी सरकून बसले. गाडीभर अत्तर.

रानात ज्वारीचं बाटूक न्हाई, तूर न्हाई. पेरलंच न्हाई औंदा. ह्यांनी हयातीत एक साल रान पडीक ठेवलं न्हाई, पाण्याची रेल्वे आली त्या दुष्काळाच्या सालीबी चार ओळी टाकल्या. मी अमरनाथला बोलले न्हाई, सणाचा दिवस.

ह्यांच्यापुढं डबा ठेवून बोलत बसले. ते दोघं पलीकडं. पांढऱ्या बुटाचा माणूस समाधीकडं बोट करून म्हणाला, "हे इथं चालणार नाही. हे बघून गिऱ्हाईक उभं राहत नाही." अमरनाथ म्हणाला, "कागद झाला की एका दिवसात साफ करून देतो." माणूस म्हणाला, "बाईंचं काय?" अमरनाथ म्हणाला, "त्या माझ्या शब्दाबाहेर नाहीत."

मी खरंच त्याच्या शब्दाबाहेर न्हाई. पण साफ काय करणार? झाडलोट मी करतेच की.

म्हणून मीच उठून गेले. म्हणलं, बाळा, मंडप करशील तवा माझी जागाबी आत्ताच बांधून घे. आमच्यात जितेपणी बांधून ठेवतेत, अशुभ न्हाई. मी म्हणलं, पावलानं मापून दाखवते, आन् मापूनच दाखवली. पांढऱ्या बुटाचा माणूस हसला. अमरनाथ हसला न्हाई. मला बाजूला घेऊन म्हणाला, "अज्जी, पुढच्या महिन्यात कोर्टात उभं राहून दोनच वाक्यं बोल. मृत्युपत्र मला माहीत आहे, माझी हरकत नाही. एवढं केलंस की तुझी जागा पक्की."

मी म्हणलं, दोनच काय, दहा बोलीन.

परत येताना मला लई हलकं वाटलं. आता कुणी विचारायला नको, कुठं बसवायचं म्हातारीला.

१९ सप्टेंबर, गुरवार

आज कोर्ट. इरकल नेसले, मठात जाताना नेसते ती. वकीलसाहेबांनी दारात दोन वाक्यं घोकून घेतली. मी म्हणलं, शाळेत तिसरीपर्यंत पाठांतरात पैली होते.

सुकन्या आलती. दाराच्या पलीकडं तिच्या वकिलासंगं. किती वाळलीय. मी हात केला तर ती एकदम पुढं आली, "अव्वा, फोन का उचलत न्हाईस? किती दिवस करून राहिले मी फोन." अमरनाथ मधी उभा ऱ्हायला. मी त्याच्या खांद्यावरून तिला म्हणलं, फोन काचेचा हाय, पोरी, जमत न्हाई. ती तोंडात पदर कोंबून भिंतीकडं वळली.

जज बाई होत्या. माझ्या सुकन्याएवढ्या, चष्मा, केसाला साधा रबर. मला खुर्ची द्यायला लावली. मी उभीच बोलले. "मृत्युपत्र मला माहीत आहे, माझी हरकत नाही." एक अक्षर चुकलं न्हाई.

बाई लिहून घेत होत्या. मला वाटलं एवढ्या लांब आलो, दोनच वाक्यं बोलून जावं हे बरं न्हाई. आन् खुशीत होते. म्हणलं, "बाई, माझी कशालाच हरकत न्हाई. नातवानं माझी जागा पक्की करतो म्हणलंय."

बाईंनी मान वर केली. "कुठली जागा, आजी?"

मंग मी सांगितलं. लिंब सांगितला, सासू-सासरे सांगितले, ह्यांना कसं बसवलं ते सांगितलं. डाव्या हाताची जागा सांगितली. अर्धी बाज पण सांगितली, तर मागं कुणीतरी हसलं. बाई हसल्या न्हाईत. त्यांनी कागद मागंपुढं केले. वकीलसाहेबांना विचारलं, "अर्जात शेतात समाध्या असल्याचा उल्लेख नाही. का नाही?" वकीलसाहेब म्हणाले, ते किरकोळ आहे. बाई म्हणाल्या, "यांच्यासाठी किरकोळ दिसत नाही."

मंग मला विचारलं, "आजी, मृत्युपत्र तुमच्यासमोर झालं का?"

"माझ्यासमोर न्हाई, बाई. मी झोपले होते म्हणे."

"तुमचे मालक तेव्हा कसे होते?"

"अंथरुणात. कूस मी बदलायचे. लघवीला भांडं मी द्यायचे. ऑफिसात कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. पण नातू म्हणतोय तर गेलेच असतील."

वरचा पंखा तेवढा कुरकुरत होता. आमच्या माजघरातला पण असाच कुरकुरायचा, हे त्यात खोबऱ्याचं तेल सोडायचे. बाईंनी लई वेळ लिवलं. पुढची तारीख दिली, दिवाळीच्या अलीकडची. त्या दोन साक्षीदारांना घेऊन या म्हणाल्या. आन् म्हणाल्या, "आजींना पुन्हा आणा. मला त्यांचं सविस्तर ऐकायचं आहे."

माझं ऐकायचंय म्हणाल्या, मोठ्या जज बाई. मी त्यांना बाहेरूनच हात जोडले.

गाडीत अमरनाथनं स्टेरिंग असं धरलं होतं की बोटं पांढरी. मी विचारलं, चुकलं का रे माझं काय? दोन्ही वाक्यं तर बरोबर आली. त्यानं गाणं लावलं, मोठ्यानं.

३० सप्टेंबर, सोमवार

अमरनाथ दोन-चार दिवस जेवला न्हाई घरात. आता परत गोड झाला. माझे पाय चेपले. म्हणाला, "अज्जी, तू लई विसरायला लागलीस, मला फिकीर वाटते."

मी म्हणलं, काय विसरले?

सकाळी गॅस चालू ठेवून देवाला बसले म्हणे. मला तर बंद केल्याचं चांगलं आठवतंय, बटन दाबून वर फडकं ठेवलं, दररोज ठेवते. पण तो म्हणतो त्यानं येऊन बंद केला. काल किल्ली सापडेना, ती पिठाच्या डब्यात सापडली. पिठाच्या डब्यात मी किल्ली कशाला ठेवीन? पण सापडली तिथंच, त्यानंच काढली. शेजारणीला दारात सांगत होता, "अज्जीचं आता काय खरं नाही. डोकं जायला लागलंय." ती माझ्याकडं असं बघायला लागली जसं काय मीच लिंगैक्य झाले.

दुपारी तो जिन्यात फोनवर होता. वकीलसाहेबांचा असणार, कारण सायेब सायेब करत होता. "डॉक्टरचा कागद आला की कोर्टातल्या बयानाला किंमत राहत नाही ना? आणि मग पालक म्हणून मलाच नेमतील ना?" मंग पलीकडचं ऐकून म्हणाला, "नांदेडला करू. लातूरात सगळे ओळखतात."

मी खाली परडीत वाती वळत होते. पालक म्हंजे लेकराचा असतो. आता माझा पालक माझा नातू. उलटं झालं की न्हाई. हसू आलं मला. पण वात तीन वेळा सुटली, वळता येईना.

१७ आक्टोबर, गुरवार

नांदेडला जाऊन आलो. दमलेय, पण आजचं आजच लिहिते.

जाताना शेत लागलं. मी मान वळवून ठेवली होती. रस्त्याच्या कडंनं पत्र्याचं कुंपण झालंय, निळं, उंच. आतलं काय दिसलं न्हाई, लिंबाचा शेंडा तेवढा दिसला. म्हणलं, बाळा, थांब की, ह्यांना हात जोडते. म्हणाला, येताना. अहमदपूरला चहा-भजी घेतली. माझी भजी त्यानं तेल पिळून दिली, पुडीवर दाबून दाबून. लहानपणी मी त्याला अशीच द्यायचे.

तिथंच समजावलं. "अज्जी, डॉक्टर प्रश्न विचारतील. आठवत न्हाई म्हणायचं. म्हंजे तुला परत कोर्टात उभं राहावं लागणार न्हाई. तुला त्रास नको म्हणून करतोय." मी म्हणलं, मला कुठं त्रास झाला? जज बाईंनी खुर्ची दिली. तर त्यानं माझे दोन्ही हात धरले. त्याचे हात घामानं गार. "अज्जी, मी लोकांकडून शेतासाठी पैसे घेऊन बसलोय. ती माणसं चांगली न्हाईत. तू माझ्यासाठी एवढं करशील का न्हाई?"

त्या पांढऱ्या बुटाच्या माणसाचं त्या दिवशीचं हसू आठवलं. पोरगं घाबरलंय म्हणलं. घाबरलेल्या लेकराला कुणी न्हाई म्हणतं का?

मी विचारलं, पण माझी जागा ऱ्हाईल ना? म्हणाला, "राहील की."

दवाखाना चकाचक. डॉक्टर तरणे, टाय लावलेले. मी आधी एक-दोन प्रश्नाला अडखळले, मंग मजाच यायला लागली. कुठला वार? म्हणलं, शनवार असंल. कुठलं साल? म्हणलं, निजामाचं. डॉक्टरांनी लिवलं. तीन शब्द सांगितले, ध्यानात ठेवा म्हणाले. आंबा, खुर्ची, रुपया. मंग घड्याळ काढायला लावलं. मी सगळे आकडे एकाच अंगाला काढले. मंग ते शब्द विचारले तर म्हणलं, कसले शब्द? आंबा, खुर्ची, रुपया. अजून ध्यानात हायत, सकाळपर्यंत ऱ्हातील.

लेकरं किती? म्हणलं, आठवत न्हाई. लेकीचं नाव काय? ती त्याच गावात, दवाखान्यापासून रिक्षानं जाण्यासारखी. आता भात लावला असंल तिनं. म्हणलं, आठवत न्हाई. हे म्हणताना जरा जड गेलं. पण अमरनाथनं मान हलवली, बरोबर म्हणून.

मंग डॉक्टर पेन खाली ठेवून म्हणाले, "आजी, तुमचे मालक कुठे आहेत?"

मी अमरनाथकडं बघितलं. तो खाली बघत होता. डॉक्टरांनी परत विचारलं, सावकाश, मोठ्यानं, बहिऱ्याला विचारतात तसं. बाहेर कुणाचं तरी तान्हं रडत होतं. मी त्याचं रडं थांबायची वाट बघितली.

म्हणलं, आठवत न्हाई.

कागद लगेच मिळाला, शिक्क्याचा. सुकन्याकडं गेलो न्हाई, उशीर झाला. येताना शेत कधी लागलं ते कळलं न्हाई, अंधार होता आन् अमरनाथनं गाडी थांबवली न्हाई.

२१ आक्टोबर, सोमवार

सकाळीच उठून आंघोळ केली. आज जायचंच ठरवलं. नांदेडचं मनाला लागून ऱ्हायलंय, ह्यांच्यापुढं बसून सांगितल्याशिवाय जेवण गोड लागणार न्हाई. बेल तोडला, दही-भात कालवला, इरकल नेसले, बाहेर आले.

बैठकीत वकीलसाहेब, तो पांढऱ्या बुटाचा माणूस आन् आणखी दोघं बसलेले. चहाचे कप मांडलेले. चहा कुणी केला कोण जाणे, मी तर केला न्हाई. वकीलसाहेब मला बघून उठले न्हाईत आन् अम्माजी पण म्हणाले न्हाईत.

मी म्हणलं, "अमरनाथ, चल बाळा, शेताकडं नेऊन आण. न्हाईतर चांदपाशाला बोलाव."

अमरनाथनं माझ्याकडं बघितलं. सगळ्यांच्या समोर, एकदम मऊ आवाजात, आजारी माणसाशी बोलतात तसं म्हणाला, "कुठलं शेत, अज्जी?"

मला हसू आलं. म्हणलं, आता बास की. तो नांदेडचा खेळ नांदेडला झाला.

तो हसला न्हाई. दुसरंबी कुणी हसलं न्हाई. एकानं वहीत काहीतरी टिपून घेतलं. अमरनाथनं माझ्या हातातला डबा काढून घेतला, मला धरून आत आणलं, बाजेवर बसवलं, आन् दार लोटून घेतलं. बाहेरून कडी वाजली.

बाजेवर बसून लिहितेय. पेन चालतंय.

आज सोमवार. माझं नाव गौरम्मा. लेकीचं नाव सुकन्या, ती नांदेडला असते. शेत नांदेड रोडला हाय, निळ्या पत्र्याच्या आत, लिंबाखाली. मालक तिथं बसलेत, उगवतीकडं तोंड करून. त्यांच्या डाव्या हाताची जागा माझी हाय. अजून मोकळी हाय.